भजीच्या तेलावर ट्रॅक्स: जुनी डिझेल गाडी खाद्यतेलावर चालवायची तर

आधी हिशोब सांगतो, म्हणजे निम्मी मंडळी इथंच परत फिरतील आणि त्यांचा वेळ वाचेल. दुकानातलं नवं सोयाबीन किंवा सूर्यफूल तेल डिझेलपेक्षा महाग आहे. शेंगतेलाचं तर नावच काढायला नको. त्यामुळं किराणा दुकानातून पिशव्या आणून टाकीत ओतायचा बेत असेल तर तो सोडा. हे गणित जमतं ते फक्त तळून झालेल्या, टाकून द्यायच्या तेलावर, आणि तेही थोडंच जमतं.

मला वापरलेलं तेल सरासरी ५० रुपये लिटरनं पडतं. १०० लिटर आणलं तर साका, पाणी, जळकं पीठ जाऊन ७७-७८ लिटर हातात येतं, म्हणजे खरा भाव ६५ च्या घरात. गरम करायची वीज आणि फिल्टर धरून ७०. डिझेल ९० च्या आसपास धरलं तर लिटरमागं २० रुपये सुटतात. महिन्याला १२०० किलोमीटर, लिटरला १० देणारी गाडी, म्हणजे १२० लिटर. त्यातलं २५ लिटर तरी डिझेलच जळतं, ते का ते पुढं येईल. उरलेल्या ९५ लिटरवर १९०० रुपये. इंजिन ऑइल दुपटीनं बदलावं लागतं, त्याचे ५०० वजा करा. राहिले १४००. जोडणीला माझे १८,००० गेले होते, म्हणजे ते फिटायलाच तेरा महिने लागले. माझी मेहनत यात कुठंच धरलेली नाही.

तरीही करावंसं वाटत असेल तर पुढं वाचा. डिझेल काही स्वस्त होत नाही. कोल्हापूरकडची मंडळी कोगनोळीची हद्द ओलांडून कर्नाटकात, निपाणीत, स्वस्त डिझेलनं टाकी फुल्ल करायची, त्यातही आता पूर्वीची मजा राहिली नाही. जून २०२४ मध्ये कर्नाटक सरकारनं विक्रीकर वाढवला आणि डिझेल सुमारे तीन रुपयांनी चढलं, एप्रिल २०२५ मध्ये आणखी दोन रुपयांनी.

गाडी कुठली

माझी गाडी म्हणजे के ए २२, म्हणजे बेळगाव पासिंगची जुनी ट्रॅक्स जीप. एके काळी ती शिनोळी-चंदगड मार्गावर वडाप म्हणून पळायची. मागं दहा, पुढं चार आणि टपावर भाजीच्या पाट्या. आत मर्सिडीजच्या ओएम ६१६ घराण्यातलं इंजिन आहे. तेलासाठी यापेक्षा सोशिक इंजिन आपल्या भागात सापडणं अवघड. त्याची कारणं दोन. एक म्हणजे त्यात इंधन थेट पिस्टनवर न पडता आधी हेडमधल्या छोट्या कोठीत पेटतं, त्यामुळं जाड इंधनही बऱ्यापैकी जळून जातं. दुसरं म्हणजे नोझलना इंधन ढकलायला त्याला इनलाइन पंप आहे, ज्याला आपले मिस्त्री अजून मायकोचा लाइन पंप म्हणतात. या पंपाला वंगण इंजिन ऑइलचं मिळतं, इंधनाचं नाही.

रोटरी पंपात उलट असतं. तिथं इंधन हेच वंगण. बॉशच्या व्हीई पंपावर गरम आणि स्वच्छ तेल चालतं, पण लुकास जातीच्या रोटरी पंपांवर प्रयोग करू नका. थंड जाड तेलानं त्यांची आतली व्हेन नाही तर शाफ्ट दगा देतो. त्यामुळं जुनी सुमो असो, क्वालिस असो की मार्शल, मॉडेल काय आहे ते विचारण्याआधी बॉनेट उघडून पंप कुठला बसलाय ते बघा. गाडी तीच असली तरी मधल्या कुणा मालकानं पंप बदललेला असतो.

कॉमन रेल, म्हणजे एकाच नळीतून सगळ्या नोझलना भारी दाबानं इंधन देणारं इंजिन असेल तर विषय तिथंच संपला. हजार बारच्या वर दाब आणि केसापेक्षा बारीक फटी, तिथं तळणीच्या तेलाला जागा नाही. बीएस-६ गाडीत तर धूर गाळणारा फिल्टर साफ करायला जादा इंधन फवारतात. ते डिझेल असेल तर इंजिन ऑइलमध्ये उतरलं तरी बरंचसं उडून जातं, तेल उतरलं की तिथंच राहतं. नव्या गाडीवर हा उद्योग करणाऱ्याला मी हात जोडतो.

ट्रॅक्टर आणि शेतातल्या पंपाची इंजिनं बहुतेक थेट फवारणीची असतात. चालतात, पण नोझलच्या टोकावर कोळसा लवकर धरतो.

सगळा खेळ गरम राहण्याचा

एक गोष्ट इथंतिथं सांगितली जाते की रुडॉल्फ डिझेलनं आपलं इंजिन शेंगदाण्याच्या तेलासाठीच बनवलं होतं. तसं नाही. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात ओटो कंपनीनं एक छोटं डिझेल इंजिन शेंगतेलावर चालवून दाखवलं, आणि ते इतकं सुरळीत चाललं की बघणाऱ्यांतल्या फार थोड्यांना फरक कळला, असं खुद्द डिझेलनंच पुढं लिहून ठेवलंय. इंजिन तेलावर चालतं याचं आश्चर्य नाहीच. ते हजारो किलोमीटर कसं चालत राहील, प्रश्न तेवढाच आहे.

४० अंश सेल्सियसला डिझेलची विस्कॉसिटी, म्हणजे जाडपणा, २ ते ४.५ सेंटिस्टोक असतो. सोयाबीन किंवा शेंगतेलाचा ३० ते ४०. नोझलमधून डिझेल धुक्यासारखं फवारतं, थंड तेल धारेसारखं पडतं. धार नीट जळत नाही. तिचा कोळसा नोझलवर चिकटतो, पिस्टनच्या रिंगांच्या खाचेत बसतो, आणि न जळलेलं तेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं. तिथं गेल्यावर ते हवेशी आणि उष्णतेशी जुळून घट्ट होत जातं. सोयाबीन यात सगळ्यात वाईट, कारण ते लवकर वाळतं. पण तेच तेल ८० अंशांवर नेलं की जाडपणा दहा-बारावर येतो आणि फवारा सुधारतो.

म्हणून पद्धत अशी: गाडीला दोन टाक्या. सुरू डिझेलवर करायची, इंजिन तापलं की तेलावर टाकायची, आणि बंद करण्याआधी परत डिझेलवर आणून पंप आणि नोझल धुऊन घ्यायचे. डिझेलमध्ये दहा-वीस टक्के तेल मिसळून एकाच टाकीत घालणारेही आहेत. उन्हाळ्यात महिनाभर काही होत नाही, म्हणून त्यांना वाटतं जमलं. रिंगा चिकटायला सहा महिने लागतात.

आता आपल्याकडची एक खास खोड. गाडी जरा गरम झाली की मिस्त्री थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरचं पाणी अडवणारी झडप, काढून फेकून देतो. "हे काय लागत नाही ओ आपल्या हवेला," हे वाक्य मी तीन गॅरेजांत ऐकलंय. थर्मोस्टॅट नसेल तर डिसेंबरात, सकाळी पारा बारा-तेरावर असताना, जांबोटीच्या रस्त्यावर इंजिन ६० अंशांच्या वर चढत नाही. डिझेलवर हे खपून जातं. तेलावर तीच गाडी वर्षभरात धूर ओकू लागते. तेव्हा जोडणीचा पहिला खर्च नवा थर्मोस्टॅट. घरीच तपासा: पातेल्यात पाणी, पाण्यात दोरीनं टांगलेला थर्मोस्टॅट आणि शेजारी थर्मामीटर. पाणी ८० च्या पुढं जाताना त्याची चकती हळूहळू उघडताना दिसली पाहिजे. आधीच उघडी असेल तर तो गेलेला.

त्याच भेटीत कॉम्प्रेशन तपासून घ्या, नोझल टेस्टिंगला द्या आणि हीटर प्लग, म्हणजे सुरू करताना कोठी तापवणारे प्लग, चारही पेटतायत का ते बघा. दमलेलं इंजिन तेलावर टाकून ते सुधारत नाही.

तेल कुठून आणायचं

आमच्या बेळगावची प्रसिद्धी मांडे आणि कुंद्याची, आणि दोन्हींना तळणीचं तेल लागत नाही, हे माझं दुर्दैव. पण फरसाणवाले, खानावळी आणि संध्याकाळच्या मिरची भजीच्या गाड्या भरपूर.

सगळ्यात चांगलं तेल फरसाणवाल्याकडचं, कारण तो एकाच प्रकारचं तेल वापरतो आणि माल कोरडा असतो. भजीच्या गाडीवरचं तेल मध्यम, पिठाचा साका भरपूर. चिकन तळलेलं तेल घेऊ नका, त्यात चरबी उतरलेली असते आणि हिवाळ्यात ती तुपासारखी थिजते. वनस्पती तूप वापरणाऱ्या बेकरीचंही तेच. हॉटेलांत पामतेल जास्त. ते टिकायला चांगलं, पण थंडीत गोठायला वाईट. सोयाबीनचं नेमकं उलट.

नियम माहीत असू द्या. अन्नसुरक्षा प्राधिकरणानं जुलै २०१८ पासून तळणीच्या तेलातल्या टोटल पोलर कंपाउंडची, म्हणजे तेल परत परत तापून वाढणाऱ्या घटकांची, मर्यादा २५ टक्के ठरवली, त्यापुढं ते तेल खाण्यासाठी वापरायचं नाही. रोज ५० लिटरपेक्षा जास्त तेल तळणीला वापरणाऱ्यानं त्याची नोंद ठेवायची आणि उरलेलं तेल मान्यताप्राप्त गोळा करणाऱ्यालाच द्यायचं. म्हणजे मोठ्या हॉटेलाच्या मागच्या दारात कॅन घेऊन उभं राहण्यात अर्थ नाही. तुमचा पुरवठा छोट्यांकडूनच येणार. पूर्वी फुकट मिळायचं. आता बायोडिझेलवाल्यांमुळं त्यालाही भाव आलाय.

देणाऱ्याला स्वच्छ, झाकणाचा डबा आपणच द्यायचा. पंधरा किलोचा रिकामा डबा बरा, त्यात साधारण सोळा लिटर बसतं. डबा उघडा राहिला आणि खानापूर भागातला पाऊस एकदा त्यात गेला की तो डबा विसरायचा.

घ्यायच्या आधी दोन चाचण्या. पहिली: बाटलीभर तेल रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी निम्म्यापर्यंत पांढरं थिजलं असेल तर ते फक्त मार्च ते मे या काळात वापरायचं तेल. दुसरी आंबटपणाची. जुन्या तेलात मोकळी आम्लं वाढतात आणि ती पंपाची धातू खातात. एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात एक ग्रॅम कॉस्टिक सोडा विरघळवून ठेवा, हातमोजे आणि चष्मा घालून. छोट्या बाटलीत १० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल, त्यात १ मिली तेल आणि चिमूटभर हळद. आता सिरिंजनं सोड्याचं पाणी थेंबथेंब सोडत हलवत राहा. पिवळा रंग लालसर होऊन पंधरा-वीस सेकंद टिकला की थांबा आणि किती मिली गेलं ते वाचा. एक मिली म्हणजे साधारण पाऊण टक्का आम्ल. तीन मिलीपर्यंत मी घेतो. पाच मिलीच्या वर गेलं तर नमस्कार करून परत.

हळदीनं ही चाचणी होते याचं आश्चर्य वाटून घेऊ नका. हळदीच्या डागावर साबण लावला की तो लाल होतो, ते आपल्या आयांनी आयुष्यभर बघितलंय. ही तीच गोष्ट.

तेल साफ करणं

इथं घाई करणारा माणूस पुढं पंपवाल्याचं घर चालवतो.

मी दोन ड्रम ठेवलेत, उभे, तळापासून चार बोटं वर एक कॉक आणि अगदी तळाला दुसरा. आणलेलं तेल जुन्या धोतराच्या दुहेरी फडक्यातून पहिल्या ड्रममध्ये ओततो आणि तीन आठवडे हात लावत नाही. उन्हाळ्यात दोन आठवडे पुरतात. जुलै-ऑगस्टात महिना गेला तरी तेल गढूळच असतं, म्हणून पावसाळ्याचं तेल मी मे महिन्यातच तयार करून ठेवतो. वरचं निवळलेलं तेल वरच्या कॉकमधून काढायचं. खालचा साका, पाणी आणि जळकं पीठ तळाच्या कॉकमधून वेगळं. ते गटारात सोडू नका, पाइप तुंबेल. मी ते लाकडाच्या भुशात मुरवून चुलीला देतो.

तळणीच्या तेलात मीठही असतं, आणि मीठ तेलात नाही, तेलातल्या पाण्यात विरघळतं. पाणी खाली बसवून काढलं की त्याच्याबरोबर मीठही जातं, नुसतं उकळून उडवलं तर मीठ मागं राहतं. पाणी राहिलं तर पंपात गंज, आणि तो गंज तुम्हाला पंप उघडल्यावरच दिसतो.

पाणी काढायची पद्धत: निवळलेलं तेल दुसऱ्या ड्रममध्ये ६० अंशांपर्यंत गरम करा, बंद करा, रात्रभर ठेवा. गरम तेल पातळ असतं, पाणी भराभर खाली बसतं. सकाळी तळाच्या कॉकमधून लिटरभर सोडून द्या. मग परत हळूहळू ११० पर्यंत न्या आणि बुडबुडे थांबेपर्यंत तिथंच ठेवा. हे गॅसच्या शेगडीवर करू नका. तळाशी पाण्याचा थर राहिला असेल तर त्याची एकदम वाफ होते आणि ड्रमभर उकळतं तेल अंगावर येतं. गीझरचं कॉइल तळापासून वीतभर वर बसवा, वर थर्मोस्टॅट, ड्रम निम्माच भरा आणि शेजारी झाकण तयार ठेवा. कॉइल चालू असताना जागा सोडायची नाही. तेल पेटलंच तर पाणी मारायचं नाही, झाकण टाकायचं.

पाणी गेलं का हे तव्यावर कळतं. लोखंडी तवा चांगला तापवा, पाण्याचा थेंब टाकल्यावर तो नाचला पाहिजे. पाणी उडून गेलं की चमचाभर तेल तव्याच्या मधोमध सोडा आणि कान द्या. फोडणीसारखी चुरचुर आली तर पाणी आहे. बारीक बुडबुडे एका जागी फुटत राहिले तरी आहे. तेल नुसतं पसरलं, धुरावलं आणि आवाज झाला नाही तर झालं. माझ्या बायकोला ही परीक्षा माझ्यापेक्षा चांगली कळते. ती दुसऱ्या खोलीतून आवाज ऐकूनच सांगते, "अजून ओलं आहे."

मग गाळणं. तेल ५० अंशांवर असताना आधी ५ मायक्रॉनच्या आणि मग १ मायक्रॉनच्या फिल्टर बॅगमधून. नुसत्या वजनानं गळू द्या, पंपानं ढकलू नका. ४० लिटरला एक रात्र जाते.

एक इशारा, जो मला कुणी दिला नव्हता. तेलानं भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. सोयाबीनसारखं वाळणारं तेल फडक्यात पसरलं की हवेशी जुळताना तापतं, आणि ढिगात ती उष्णता कोंडली की फडकी आपोआप पेटू शकतात. दोरीवर सुटी वाळत घाला किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा.

जोडणी

उद्यमबागेत टर्नर, फिटर, वेल्डर सगळे एका हाकेवर आहेत, त्यामुळं परदेशी किट मागवायची गरज नाही. मूळ टाकी डिझेललाच ठेवा. तेलाची ३५-४० लिटरची टाकी मागच्या सीटखाली बसते, स्टेनलेस किंवा ॲल्युमिनियमची. टाकीत, पाइपात, कुठंही तांबं आणि जस्ताचा मुलामा नको. तांब्यामुळं तेल लवकर खराब होतं आणि आत डिंकासारखा थर धरतो. मिस्त्री सवयीनं तांब्याची नळी काढेल, त्याला आधीच सांगा.

इंजिनातून केबिनच्या हीटरकडे जाणारं गरम कुलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, वाटेत वळवून घ्यायचं. ते आधी तेलाच्या टाकीतल्या स्टेनलेस कॉइलमधून, मग परत येताना फिल्टरच्या भोवती गुंडाळलेल्या नळीतून, आणि पंपाच्या अगदी आधी एका हीट एक्स्चेंजरमधून. माझा एक्स्चेंजर टर्नरनं केलेला आहे: एक इंची स्टेनलेस पाइपात अर्धा इंची पाइप, लांबी फूटभर, आतून तेल आणि बाहेरून कुलंट. त्याच्या बाहेर पडणाऱ्या टोकावर तापमानाचा सेन्सर बसवा आणि काटा डॅशबोर्डवर आणा. कुलंटचा नाही, तेलाचा काटा. तो ७० दाखवेपर्यंत बटणाला हात नाही.

दोन थ्री-वे व्हॉल्व्ह लागतात. एक पंपाकडे जाणाऱ्या लाइनवर, एक पंपाकडून टाकीकडे परतणाऱ्या लाइनवर, आणि दोघांची बटणं वेगवेगळी. एकच बटण केलंत तर बंद करण्याआधी डिझेल सोडल्यावर पंपातलं उरलेलं तेल डिझेलच्या टाकीत जाईल, आणि महिन्याभरात दोन्ही टाक्यांत खिचडी. वेगळी बटणं असली की पुरवठा आधी डिझेलवर घ्यायचा आणि परतीची लाइन मिनिटभर तेलाच्या टाकीकडेच ठेवायची. माझ्या पंपवाल्या मिस्त्रीनं हे पाहिलं तेव्हा म्हणाला, "बटणं कमी करा की ओ, विसरशिला एक दिवस." तो बरोबर होता, ते पुढं येतंच.

रबरी नळ्या आणि ओ-रिंग व्हायटनच्या घ्या. साधं रबर तेलानं फुगतं.

रस्त्यावर

टिळकवाडीतून खडेबाजारला जाऊन परत यायचं असेल तर तेलाचं बटण नसल्यासारखं वागा. तेल तापेपर्यंत घर आलेलं असतं. ही पद्धत लांबच्या माणसासाठी आहे: निपाणी, गोकाक, चोर्ला उतरून गोवा. सुरुवातीचे सात-आठ किलोमीटर डिझेल, मग तेल, आणि मुक्कामाच्या तीन-चार किलोमीटर आधी परत डिझेल. म्हणून वर २५ लिटर डिझेल धरलं.

ताकद थोडी कमी वाटते, चढावर एक गिअर खाली यावं लागतं. रिकाम्या गाडीनं रेंगाळत राहणं तेलाला मानवत नाही, ओझं असलं की कोठी गरम राहते आणि जळणं साफ होतं. मोठ्या ट्रॅफिकमध्ये दहा-पंधरा मिनिटं नुसतं उभं राहायचं असेल तर डिझेलवर घ्या.

आणि वास. धुराला भज्यांचा वास येतो, हे खरं आहे. गोगटे सर्कलला सिग्नलवर शेजारचा रिक्षावाला वाकून विचारतो, "काय ओ, भजी तळायल्यात काय आत?"

आता माझी चूक. चार वर्षांपूर्वी गणपतीच्या आदल्या दिवशी संकेश्वरहून परतलो. गल्लीत मंडपाचे बांबू उभे राहायला लागले होते आणि पोरं हात करून म्हणत होती, "काका लवकर घ्या, दोर बांधायचाय." मी घाईत गाडी आत घातली आणि बंद केली. डिझेलवर घ्यायचंच राहिलं. मंडप उभा राहिला आणि अकरा दिवस गाडी त्याच्या मागं अडकली. पाऊस, गारवा, आणि पंपात हॉटेलचं पामतेल. बाराव्या दिवशी स्टार्टर फिरतोय, पण इंजिन काही पेट घेईना. फिल्टर उघडला तर आत साजूक तूप.

त्यावरचा उपाय: फिल्टर नवा घालून डिझेलनं भरायचा. पंपावर आणि नोझलच्या पाइपांवर गरम पाण्यात पिळलेली फडकी अर्धा तास बदलत ठेवायची, उकळतं पाणी थेट ओतायचं नाही. मग हँड प्रायमरनं डिझेल पंपात ढकलत एअर काढायची, नोझलचे नट एक-एक सैल करून डिझेल टपकेपर्यंत स्टार्टर द्यायचा, आणि हीटर प्लग दोन वेळा पूर्ण तापवून सुरू करायची. माझे चार तास आणि एक बॅटरी गेली. आता चावी काढली की भुंकणारा एक दहा रुपयांचा बझर तेलाच्या बटणाला जोडलाय.

देखभाल

इंजिन ऑइल जिथं ५००० किलोमीटरला बदलत होता तिथं २५०० ला बदला. मधे आठवड्याला डिपस्टिक. पातळी वाढलेली दिसली तर आनंद मानू नका, खाली तेल उतरतंय. थेंब अंगठा आणि बोटात धरून बोटं लांब करा. दोरा आला तर त्याच दिवशी ऑइल काढा. तसंच चालवलं की ते जेलीसारखं होतं आणि ऑइल पंपाची जाळी बुजते, मग इंजिन उतरवण्यावाचून पर्याय नाही.

नोझल दर १५,००० ला टेस्टिंगला. सकाळी पांढरा धूर आणि एखाद्या सिलिंडरची ठोका मारल्यासारखी टकटक आली तर त्याआधीच.

कागद

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसी बुकातल्या तपशिलाशी न जुळणारे बदल गाडीत करता येत नाहीत. दुसरी टाकी आणि दुसरं इंधन यात येऊ शकतं. रस्त्यावर आणण्याआधी आरटीओत लेखी विचारा आणि विमा कंपनीलाही कळवा, नाहीतर अपघातानंतर ती याच टाकीकडे बोट दाखवेल. हद्द ओलांडून जाणाऱ्यानं तर हे कागद गाडीतच ठेवावेत. पीयूसी वेळेवर. आणि शेजाऱ्याला हौसेनंसुद्धा इंधन म्हणून तेल विकू नका, त्याला परवाने लागतात.

शेतातल्या पंपाला किंवा जनरेटरला यातली आरटीओची भानगड नाही, म्हणून शिकायला ते बरं. करंजाचं तेलही तिथं वापरून बघता येतं. आपल्या रस्त्यांच्या कडेला होंगे म्हणून उभी असलेली ती झाडं नुसती सावलीची नाहीत. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले उडुपी श्रीनिवास यांनी होंगे तेलावर खेड्यात जनरेटर चालवून दाखवले होते. फक्त हे तेल कडू आणि विषारी आहे, स्वयंपाकघरातल्या भांड्याला लावायचं नाही.

घरी बायोडिझेल करायचं का, हेही लोक विचारतात. त्यात मिथेनॉल लागतं. त्याची वाफ विषारी, ज्योत दिवसा दिसत नाही, पोटात गेलं तर डोळे जातात, आणि बाळगायला परवाना. मी करत नाही.

पहिले हजार किलोमीटर मात्र सांभाळा. नव्या टाकीतलं तेल जुन्या पाइपांतला वर्षानुवर्षांचा थर सोडवतं आणि तो सगळा फिल्टरमध्ये येऊन बसतो. गाडी चढावर दम तोडायला लागली की पंप गेला म्हणून घाबरू नका. डिझेलवर घ्या, बाजूला थांबा, फिल्टर बदला. सीटखाली दोन जादा फिल्टर, फिल्टरचा पाना, पाच लिटर डिझेलचा कॅन आणि फडकं ठेवा. मला पहिल्या महिन्यात तीन लागले, त्यातला एक कणकुंबीच्या पुढं, धुक्यात.